फाटकातून आत येणारी बंदूक

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, आग्नेय कोपऱ्यात, व्हॅलियंट नावाचे एक लहान गाव आहे. तिथे वेअरहाउझर कंपनीचा कागद कारखाना होता. २००२ च्या १ ऑक्टोबरला कंपनीने तिथे वास घेणारी कुत्री आणली आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कामगारांच्या गाड्यांभोवती फिरवली. काही गाड्यांत बंदुका निघाल्या. हा सगळा शिकारीचा मुलूख. गाडीत बंदूक असणे तिथे नवलाचे नव्हते आणि कायद्याने तो गुन्हाही नव्हता. पण कंपनीने पार्किंगसकट सगळ्या आवारात बंदुकीला मनाई केली होती. ज्यांच्या गाड्यांत बंदुका सापडल्या, त्यांच्या नोकऱ्या गेल्या.

कामगार चिडले आणि गाव त्यांच्या बाजूने उभे राहिले. प्रकरण राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेले आणि २००४ मध्ये ओक्लाहोमाने कायदा केला. गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांचा अपवाद सोडला, तर कोणाही माणसाला कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवून कंपनीच्या पार्किंगमध्ये येण्यापासून मालकाला रोखता येणार नाही, असे त्यात ठरले. जमीन कंपनीची, डांबर कंपनीचे, कुंपणही कंपनीचे. पण त्या जागेवरचा हा एक नियम करण्याचा हक्क मात्र राज्याने काढून घेतला.

अमेरिकेतल्या बंदुकीच्या बातम्या मराठी वाचकापर्यंत पोहोचतात त्या बहुधा हत्याकांडांच्या. तिथल्या रोजच्या जगण्याला भिडणारा प्रश्न बातम्यांत फारसा दिसत नाही. रस्त्यावर जी बंदूक कायदेशीर आहे, ती कारखान्याच्या, शाळेच्या किंवा विद्यापीठाच्या फाटकातून आत आली तर चालेल का? आणि ते ठरवायचे कोणी? मालकाने, मुख्याध्यापकाने, कुलगुरूंनी, की राज्याच्या राजधानीत बसलेल्या आमदारांनी? गेली तीसेक वर्षे अमेरिकेतली राज्ये या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देत आहेत. ती इतकी वेगळी आहेत, की एका राज्यात ज्यासाठी तुरुंग, त्याला शेजारच्या राज्यात कायद्याचे संरक्षण असू शकते.

एक देश, पन्नास नियम

भारतीय वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. आपल्या राज्यघटनेत शस्त्रास्त्रे हा विषय केंद्र सूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्र असो वा मणिपूर, १९५९ चा शस्त्र कायदा सगळीकडे एकच. परवाना ही सरकारने दिलेली सवलत मानली जाते आणि परवानाधारकाने शस्त्र घेऊन शिक्षणसंस्थेच्या आवारात जाऊ नये, ही परवान्याच्या अटींमधली जुनी अट आहे.

अमेरिकेत मुळातली मांडणीच उलटी आहे. १७९१ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क लोकांना दिला. तो हक्क लष्करी पथकांपुरता आहे की प्रत्येक नागरिकाचा, यावर दोन शतके वाद चालला. २००८ मध्ये 'हेलर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया बंदूकहक्काचे खंदे समर्थक म्हणून ओळखले जात. पण त्यांनीच त्यात स्पष्ट केले, की शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या 'संवेदनशील जागी' बंदूक नेण्यावरची बंदी या निकालाने धोक्यात येत नाही.

या निकालाने हक्क ठरवला आणि त्याची कुंपणे घालण्याचे काम बरेचसे राज्यांकडे राहिले. बंदूक कोणी, कशी, कुठे बाळगायची याचे बहुतेक नियम राज्यांची विधिमंडळे करतात. आज २९ राज्यांत प्रौढ नागरिकाला कपड्यांखाली पिस्तूल लपवून हिंडायला परवानाही लागत नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत मात्र परवाना लागतो, प्रशिक्षण लागते आणि परवाना मिळाल्यावरही जिथे बंदूक न्यायची नाही अशा जागांची यादी लांबलचक आहे.

कामाच्या जागी

कार्यालयाच्या किंवा कारखान्याच्या इमारतीत बंदूक आणू द्यायची की नाही, हे खासगी मालक सामान्यपणे स्वतः ठरवू शकतो. बंदूकप्रेमी टेक्सासमध्येही हा अधिकार शाबूत आहे. फक्त मनाई करायची तर ती कायद्याने सांगितलेल्या पद्धतीनेच करावी लागते. दारावर लावायच्या पाटीचा मजकूर कायद्यातच दिला आहे. तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा, अक्षरे किमान एक इंच उंचीची हवीत आणि रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा हवा. लपवून बाळगलेल्या पिस्तुलासाठी एक पाटी, उघडपणे कमरेला लावलेल्या पिस्तुलासाठी दुसरी.

खरी लढाई झाली ती पार्किंगवरून. ओक्लाहोमाच्या कायद्याविरुद्ध कोनोकोफिलिप्ससह काही बड्या कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. कामगारांची सुरक्षितता ही कायद्याने आमची जबाबदारी आहे. चिडलेला किंवा नुकताच कामावरून काढलेला माणूस आणि त्याची बंदूक यांच्यात पार्किंगपर्यंतच्या चार पावलांचेच अंतर असेल, तर आम्ही ती जबाबदारी कशी पार पाडायची? या भीतीला त्याच राज्यातला दाखला होता. १९८६ मध्ये ओक्लाहोमातल्या एडमंड गावच्या टपाल कार्यालयात तिथल्याच एका कर्मचाऱ्याने १४ सहकाऱ्यांना गोळ्या घालून ठार केले होते.

बंदूकधारकांची बलाढ्य संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, हिने उलट कोनोकोफिलिप्सच्या पेट्रोलपंपांवर बहिष्काराची हाक दिली. संघटनेचा मुद्दाही पोकळ नव्हता. पहाटे निर्मनुष्य रस्त्याने कामावर येणाऱ्या किंवा मध्यरात्री पाळी संपवून घरी जाणाऱ्या माणसाला कारखान्याच्या पार्किंगमध्ये बंदूक ठेवता आली नाही, तर त्याला ती घरीच ठेवावी लागते. मग वाटेतल्या स्वसंरक्षणाचा हक्क कागदावरच राहतो. २००७ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने कंपन्यांची बाजू मान्य केली, पण २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि राज्याचा कायदा टिकला.

ओक्लाहोमाची वाट मग इतरांनी धरली. आज वीसहून अधिक राज्यांत असे 'पार्किंग कायदे' आहेत. फ्लोरिडाचा २००८ चा कायदा तर आणखी पुढे जातो. कर्मचाऱ्याला 'तुझ्या गाडीत बंदूक आहे का' असे विचारायचीही मालकाला मनाई आहे. स्फोटके हाताळणाऱ्या जागांना त्यात सूट होती. ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डने रोजच्या आतषबाजीसाठी घेतलेल्या स्फोटकांच्या परवान्यावर बोट ठेवून आपल्याला हा कायदा लागू होत नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा राज्यात मोठा गहजब झाला.

दोन्ही बाजूंचे दुःख एकाच घटनेत दिसावे, असे व्हर्जिनिया बीच शहरात घडले. ३१ मे २०१९ रोजी महापालिकेच्या इमारतीत एका कर्मचाऱ्याने १२ जणांना ठार केले. मृतांपैकी एका महिलेला एका सहकाऱ्याची भीती वाटत होती. आदल्याच रात्री तिने पिस्तूल सोबत नेण्याविषयी नवऱ्याशी चर्चा केली होती, पण पालिकेच्या नियमात ते बसत नसल्याने नेले नाही, असे तिच्या कुटुंबाच्या वकिलांनी नंतर सांगितले. बंदूकहक्कवाल्यांनी हे उदाहरण उचलून धरले. २०२० मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने मात्र वेगळाच धडा घेतला आणि शहरे व काउंट्यांना आपल्या इमारतींत बंदुकीवर बंदी घालण्याचा अधिकार दिला.

शाळेच्या हजार फुटांत

शाळांच्या बाबतीत संघराज्याच्या काँग्रेसने, म्हणजे देशाच्या संसदेने, स्वतः हात घातला. १९९० च्या कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३०५ मीटरच्या परिसरात बंदूक बाळगणे हा संघीय गुन्हा ठरला. दोनच वर्षांत टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एडिसन हायस्कूलमध्ये बारावीचा एक विद्यार्थी रिव्हॉल्व्हर घेऊन आला आणि त्याच्यावर या कायद्याखाली खटला भरला गेला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदाच रद्द केला. काँग्रेसला आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार आहे, पण शाळेजवळ बंदूक बाळगणे हा काही व्यापार नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. १९९६ मध्ये काँग्रेसने शब्द बदलून तो कायदा पुन्हा आणला. ज्या बंदुकीचा आंतरराज्य व्यापाराशी संबंध आहे, तिलाच तो लागू राहील अशी तरतूद केली. बाजारातली जवळजवळ प्रत्येक बंदूक या व्याख्येत बसते.

मात्र या कायद्याला एक मोठी फट आहे. ज्याच्याकडे त्या राज्याचा बंदूक परवाना आहे, त्याला ही संघीय बंदी लागत नाही. शाळेने किंवा शाळेशी झालेल्या कराराखाली नेमलेल्यालाही लागत नाही. अशा माणसांना शाळेत बंदूक न्यायची मुभा द्यायची की नाही, हा निर्णय पुन्हा राज्यांकडेच गेला.

कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी २० लहान मुले आणि ६ शिक्षक-कर्मचारी मारले गेले, तेव्हा देश हादरला. त्यातून निघालेल्या वाटा मात्र फुटल्या. कनेक्टिकटने बंदुकांवरचे निर्बंध कडक केले. साउथ डकोटाने २०१३ मध्ये शाळांना आपले कर्मचारी सशस्त्र करण्याची मुभा दिली. टेक्सासनेही त्याच वर्षी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना 'स्कूल मार्शल' म्हणून नेमण्याची सोय केली. टेक्सासच्या उत्तर सीमेजवळच्या हॅरॉल्ड या चिमुकल्या गावाने तर २००७ मध्येच शिक्षकांना पिस्तूल बाळगू दिले होते. मदत यायला वेळ लागणाऱ्या अशा खेड्यांत हा युक्तिवाद लोकांना पटतो, हे समजून घ्यायला हवे.

फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जणांचा बळी गेला. मुलांना वाचवताना प्राण गमावलेले फुटबॉल प्रशिक्षक ॲरन फाइस यांच्या नावाने राज्याने 'गार्डियन' योजना सुरू केली. त्यात निवडलेल्या कर्मचाऱ्याला १४४ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. सुरुवातीला फक्त वर्गात शिकवणारे शिक्षक बहुतांशी वगळले होते. २०१९ मध्ये त्यांनाही दार उघडले. त्याच २०१८ च्या कायद्याने बंदूक विकत घेण्याचे वय मात्र २१ वर नेले.

किती तासांच्या प्रशिक्षणानंतर शिक्षकाच्या हाती बंदूक द्यावी, यावर ओहायोत मोठा संघर्ष झाला. तिथल्या मॅडिसन शाळेत २०१६ मध्ये एका विद्यार्थ्याने गोळीबार केला. सुदैवाने कोणी दगावले नाही. पुढे शाळा मंडळाने कर्मचाऱ्यांना सशस्त्र करायचे ठरवले आणि काही पालक न्यायालयात गेले. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. शाळेत बंदूक बाळगणाऱ्या कर्मचाऱ्याने पोलिसाइतके, म्हणजे ७०० हून अधिक तासांचे प्रशिक्षण घेतलेले असावे किंवा त्याला शांतता (पोलीस) अधिकारी म्हणून २० वर्षांचा अनुभव असावा, असे कायदाच सांगतो, हे न्यायालयाने दाखवून दिले. एका वर्षाच्या आत विधिमंडळाने कायदाच बदलला. आता राज्य जास्तीत जास्त २४ तासांच्या प्रशिक्षणाची सक्ती करू शकते. त्याहून अधिक हवे तर ते शाळेने ठरवावे.

टेनेसीची गोष्ट अधिक बोचरी आहे. नॅशव्हिलच्या कव्हेनंट शाळेत मार्च २०२३ मध्ये ३ मुले आणि ३ मोठी माणसे मारली गेली. वर्षभर पालक विधिमंडळाच्या दारी खेटे घालत बंदुकांवर निर्बंध मागत होते. एप्रिल २०२४ मध्ये विधिमंडळाने दिला तो शिक्षकांना लपवून बंदूक बाळगू देणारा कायदा. कायदा मंजूर झाला तेव्हा प्रेक्षक सज्जातून निषेधाच्या घोषणा घुमल्या. या कायद्यानुसार ४० तासांचे प्रशिक्षण, मानसिक तपासणी आणि मुख्याध्यापकांसह वरिष्ठांची संमती लागते. पण कोणत्या शिक्षकाकडे बंदूक आहे, हे पालकांना सांगितले जात नाही. हल्लेखोराला कळू नये म्हणून ही गुप्तता आहे, असे समर्थक म्हणतात. पण आपले सहा वर्षांचे मूल दिवसभर ज्या वर्गात बसते तिथे भरलेले पिस्तूल आहे की नाही, हे जाणून घेण्याचा हक्क आईबापांना नसावा, हे कोणत्याही देशातल्या पालकाला पटणे कठीण आहे.

शाळेत सशस्त्र माणूस असला म्हणजे मुले वाचतात का? उदाहरणे दोन्हीकडची आहेत. मिसिसिपीतल्या पर्ल हायस्कूलमध्ये १९९७ मध्ये दोन विद्यार्थिनींना ठार करून पळणाऱ्या मुलाला उपमुख्याध्यापकांनी आपल्या ट्रकमधले पिस्तूल आणून रोखले. पार्कलंडमध्ये मात्र शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला. टेक्सासच्या उवाल्डेत २४ मे २०२२ रोजी १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ अधिकारी जमले, तरी हल्लेखोराला गाठायला त्यांना ७७ मिनिटे लागली. ज्यांचा पेशाच शस्त्राचा, त्यांचीही अशी गत झाली. मग २४ तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या गणिताच्या बाईंकडून अपेक्षा तरी किती ठेवायची?

विद्यापीठात

विद्यापीठाच्या आवारातला हा वाद अमेरिकेत फार जुना आहे. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ऑक्टोबर १८२४ मध्ये विद्यार्थ्यांना कोणतेही शस्त्र बाळगायला मनाई केली. त्या मंडळावर थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन होते. त्यांतले मॅडिसन हे दुसऱ्या घटनादुरुस्तीचे जनक. २०१६ मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने विद्यापीठांत बंदूक नेऊ देणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा गव्हर्नर नेथन डील यांनी नकाराधिकार वापरताना नेमका हाच दाखला दिला. पण दबाव ओसरला नाही. पुढच्याच वर्षी काही अपवाद घालून आणलेल्या तशाच विधेयकावर त्यांनी सही केली. वसतिगृहे, क्रीडा सामने, प्राध्यापकांची कार्यालये, बालवाड्या अशा जागा त्यातून वगळल्या गेल्या.

या चळवळीला जोर आला तो १६ एप्रिल २००७ च्या हत्याकांडानंतर. त्या दिवशी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारले. मृतांत स्थापत्यशास्त्र शिकायला मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि तमिळनाडूतून जाऊन तिथे नावारूपाला आलेले जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथनही होते. विद्यापीठात बंदुकीला मनाई होती. 'मनाई पाळली ती फक्त मेलेल्यांनी,' असे म्हणत परवानाधारक विद्यार्थ्यांना बंदूक नेऊ द्या, ही मागणी देशभर पसरली. उटाहमध्ये २००६ मध्येच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाची बंदी मोडीत काढली होती. मिसिसिपी, आयडाहो, टेक्सास, कॅन्सस, आर्कान्सा, जॉर्जिया आणि २०२४ पासून वेस्ट व्हर्जिनिया अशी यादी वाढत गेली.

आयडाहोत २०१४ चा कायदा झाला तो राज्यातल्या सगळ्या सार्वजनिक महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या प्रमुखांचा विरोध डावलून. काही महिन्यांतच तिथल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्राच्या वर्गात प्राध्यापकाच्या खिशातले पिस्तूल उडाले आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. वर्गात विद्यार्थी बसलेले होते.

टेक्सासचा कायदा सर्वांत गाजला. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जून २०१५ मध्ये त्यावर सही केली ती ऑस्टिनजवळच्या एका नेमबाजी केंद्रात. कायदा लागू झाला १ ऑगस्ट २०१६ रोजी. बरोबर ५० वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ ला, चार्ल्स व्हिटमन या माजी मरीन सैनिकाने ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून दीड तास गोळीबार करून डझनाहून अधिक जणांचे प्राण घेतले होते. त्या दिवशी काही नागरिकांनी घरून रायफली आणून मनोऱ्याच्या दिशेने गोळ्या झाडल्या. त्यांच्यामुळे व्हिटमनला मान वर काढणे अवघड झाले, असे वर चढून गेलेल्या पोलिसांपैकी एकाने पुढे सांगितले. बंदूकहक्कवाले आजही हा दाखला देतात.

विद्यापीठाचे लोक मात्र जवळजवळ एकमुखाने विरोधात होते. टेक्सास विद्यापीठ समूहाचे तेव्हाचे चॅन्सलर विल्यम मॅक्रेव्हन हे निवृत्त ॲडमिरल. ओसामा बिन लादेनविरुद्धची मोहीम त्यांनीच आखली होती. शस्त्राची भीती वाटणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांनीच राज्यकर्त्यांना लेखी कळवले, की बंदुकांमुळे आवार अधिक असुरक्षित होईल. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी आपल्या वर्गात बंदूक येऊ देणार नाही, असे जाहीर केले. वास्तुकलेचे डीन फ्रिट्झ स्टाइनर नोकरी सोडून पेनसिल्व्हेनियाला गेले. ह्यूस्टन विद्यापीठात प्राध्यापकांपुढे झालेल्या एका सादरीकरणात वादग्रस्त विषय जपून मांडावेत, काही विषय वगळता आले तर पाहावे, असा सल्ला दिला गेला. तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. वर्गात कोणाकडे तरी बंदूक आहे या भीतीने मोकळी चर्चा खुंटते, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांना प्रत्यक्ष हानी दाखवता आली नाही, असे सांगून २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला.

कायद्याने खासगी विद्यापीठांना बाहेर राहण्याची मुभा दिली होती. राइस, बेलर, सदर्न मेथडिस्ट अशा नामवंत खासगी संस्थांनी ती लगेच वापरली. निवड करण्याची संधी मिळाली, तेव्हा टेक्सासच्याच शिक्षणसंस्थांनी जवळजवळ एकमताने 'नको' म्हटले. सार्वजनिक विद्यापीठांना ती संधीच मिळाली नाही.

वारे एकाच दिशेने वाहते आहे असेही नाही. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये परवानाधारकांनाही शाळा-विद्यापीठांत बंदूक नेण्यास बंदी केली. ओरेगनने २०२१ मध्ये शाळा आणि विद्यापीठांना बंदीचा अधिकार दिला. कोलोरॅडोत २०१२ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाची बंदी बेकायदा ठरवली होती; २०२४ मध्ये विधिमंडळानेच महाविद्यालये आणि विद्यापीठे बंदूकमुक्त केली.

न्यायालयाचा नवा मापदंड

जून २०२२ मध्ये 'ब्रुएन' खटल्याच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर बंदूक बाळगण्याचा हक्कही घटनेत असल्याचे ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवले. बंदूक निर्बंध टिकायचा तर तो देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसला पाहिजे, ही नवी कसोटी आली. शाळा आणि सरकारी इमारती संवेदनशील जागा आहेत, हे न्यायालयाने पुन्हा मान्य केले. पण गर्दी असते म्हणून सगळे मॅनहॅटन बेट संवेदनशील जाहीर करता येणार नाही, असेही बजावले. न्यूयॉर्कने लगेच टाइम्स स्क्वेअर, शाळा, विद्यापीठे, रुग्णालये यांची यादी कायद्यात घातली. तेव्हापासून देशभरची न्यायालये जुने कायदे चाळत बसली आहेत. आजच्या वर्गखोलीत पिस्तूल चालेल का, हे ठरवताना अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या गावांचे नियम पुरावा म्हणून पुढे येतात.

पुराव्याची दुसरी वाट, अभ्यासाची, बरीच वर्षे अडवली गेली होती. १९९६ मध्ये काँग्रेसने केलेल्या एका तरतुदीमुळे संघीय आरोग्य संस्थेने बंदूक हिंसेचा अभ्यास जवळजवळ सोडून दिला. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यासाठी पुन्हा २.५ कोटी डॉलर मिळाले. तरी जे हाती आहे, ते विचार करायला लावणारे आहे. स्टॅनफर्डचे जॉन डोनह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंदूक बाळगणे सोपे करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी जास्त आढळले. अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने त्याच वर्षी शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी ७६ टक्क्यांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातलगाच्या घरातून मिळवली होती. देशातले निम्म्याहून अधिक बंदूकबळी आत्महत्येचे असतात आणि बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न दहापैकी नऊ वेळा जीव घेतो. घरापासून दूर, परीक्षेच्या आणि कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या विशीतल्या मुलामुलींच्या हाताशी शस्त्र असणे म्हणजे काय, हे यावरून कळावे.

एवढे सगळे पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्यांना त्या वर्गात शिकवायचे आहे, तो कारखाना चालवायचा आहे, त्या शाळेत मूल पाठवायचे आहे, त्यांचा शब्द या कायद्यांत सर्वांत शेवटी ऐकला गेला. मालक, प्राध्यापक, पालक यांनी चुकीचा निर्णय घेतला असता असे गृहीत धरले, तरी तो त्यांना बदलता आला असता. विधिमंडळाने त्यांच्या वतीने घेतलेला निर्णय त्यांच्यावर लादला गेला आहे. हे बदलणे अमेरिकी मतदारांच्या हाती आहे आणि कोलोरॅडोच्या, ओरेगनच्या मतदारांनी निवडलेल्या विधिमंडळांनी ते करून दाखवले आहे.

मराठी घरांसाठी

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यात पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची मुले मोठ्या संख्येने असतात. डॅलस आणि आर्लिंग्टन इथली टेक्सास विद्यापीठाची केंद्रे तर भारतीयांची आवडती आहेत. तिथे शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थ्याकडे कायदेशीर पिस्तूल असू शकते आणि ते दिसणार नाही, कारण आवारात ते लपवूनच बाळगायचे असते.

मुलगा किंवा मुलगी विद्यापीठ निवडत असेल, तेव्हा शुल्क आणि मानांकन यांच्याबरोबर त्या राज्याचा बंदूक कायदा आणि त्या विद्यापीठाचे धोरणही वाचावे. विद्यापीठे ते आपल्या संकेतस्थळावर देतात. कोणत्या इमारती वगळल्या आहेत, वसतिगृहाचा नियम काय आणि खोलीतल्या सोबत्याकडे शस्त्र असेल तर कोणाला सांगायचे, हेही त्यात असते. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बी वर असलेल्या परदेशी व्यक्तीला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता बंदूक बाळगणे संघीय कायद्याने गुन्हा आहे, राज्याचा कायदा कितीही उदार असला तरी. मित्राची बंदूक काही तासांसाठी आपल्या ताब्यात ठेवली, तरी खटला आणि हद्दपारी ओढवू शकते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी हौसेने वा भीतीने घरात बंदूक घेतली असेल, त्यांनी ती रिकामी करून कुलपात ठेवावी, गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.